बांध्यांचं बेट

मी काही ठरवलं की आमच्या घरात आधी हसतात, मग समजावतात आणि शेवटी कंटाळून गप्प बसतात. मला हे सगळं पाठ आहे. म्हणून दिवाळीला आसगावला, सासरच्या घरी, सगळे जमलेले असताना मी सांगून टाकलं, की मी आणि जाऊबाई अंदमानातल्या एका बेटावर सायकली घेऊन जाणार आणि तंबूत राहणार. हसणाऱ्यांकडे मी बघितलंच नाही. मी जाऊबाईंकडे बघत होते. त्या चकल्या तळत होत्या. झारा तसाच हातात धरून त्यांनी एवढंच विचारलं, की सायकल विमानात घेतात का.

त्या आल्या नाहीत तर माझंही जाणं बोंबललं, हे मला पक्कं माहीत होतं. भंडाऱ्याला आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. नवरा ते सोडून येणार नाही आणि मला एकटीला जाऊ देणार नाही. मी रोज सकाळी वैनगंगेच्या पुलापर्यंत सायकल चालवते, तीही डॉक्टरांनी दम दिला म्हणून. जाऊबाई मात्र लग्न होऊन आल्यापासून शेतावर शिदोरी सायकलनेच नेतात. साठीला टेकल्या तरी हँडल हलत नाही. आणि इतकी सायकल मारून बाईमाणूस जवळच्या पवनीच्या पुढे गेलेलं नाही! याचा राग त्यांना येत नाही, मला येतो.

बेटाचा नकाशा मी झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत, चांगला मोठा काढून आणला. आसगावच्या ओसरीत तो पसरला तेव्हा त्यावर तपकिरी रेघांचं जाळं दिसलं, वळत वळत जाणाऱ्या, एकीत एक शिरलेल्या रेघा. जाऊबाईंनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, ह्या तर बांध्या आहेत. आमच्याकडे बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, चारी बाजूंनी बांध घातलेला, पाणी थांबावं म्हणून सपाट केलेला. मलाही एकदम पटलं. जन्मभर जे बघितलं तेच दिसणार ना. मग आम्ही दोघींनी जिथे रेघा जास्त दाट, तिथे तिथे लाल पेनाने तंबूच्या खुणा केल्या. आपण जाऊ तोवर तिथलाही धान निघालेला असेल, जमीन कोरडी असेल, असाही विचार आम्ही करून ठेवला. धान कापून झाल्यावर घरच्याच बांधीत तंबू ठोकून पाहिला. धसकटं पाठीला टोचली, तेव्हा जाड सतरंजी न्यायचं ठरलं.

मग मी बेटावर तंबूला जागा देणाऱ्या माणसाला फोन केला आणि आमच्या खुणा एकेक करून सांगितल्या. त्याने प्रत्येक खूण पुन्हा विचारून घेतली. मग हिंदीत म्हणाला, मॅडम, वहाँ तो बकरी भी नहीं टिकती. त्या रेघा डोंगराच्या उंचीच्या असतात, जितक्या दाट तितका उभा चढ, हे त्याने मला नीट समजावून सांगितलं. रस्ता सगळा चढउताराचा होता. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते.

ही गोष्ट लपवणं मला जमलं नाही. नवरा इतका हसला की दुकानातलं गिऱ्हाईक त्याच्याकडे बघायला लागलं. भासऱ्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, हसून न घेता सरळ सांगितलं, की हिचा टोंगळा दुखतो, असल्या गुडघ्याने चढावर हिचं काम नाही. ते चुकीचं बोलत नव्हते. मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. इतक्या दिवसांत मी स्वतःसाठी दुसरं काही मागितलं नव्हतं.

तरी मी हटले नाही. पुढच्या रविवारी आसगावला गेले, दोन्ही सायकलींच्या कॅरिअरला सामानाचं वजन म्हणून तांदळाची पोती बांधली आणि जाऊबाईंना तलावावर घेऊन गेले. आमच्याकडे चढ म्हणावा असा तेवढाच, तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा उंच बांध. मी दात-ओठ खात वर गेले. त्या अर्ध्यात उतरल्या आणि सायकल ढकलत आल्या. वर येऊन टोंगळा चोळत बसल्या. त्या नाही म्हणणार, याची मला खात्री वाटायला लागली. म्हणून मीच आधी बोलून घेतलं, की नसेल जमत तर राहू द्या, मी रुसणार नाही. हे अर्थात खोटं होतं.

त्या पाळीवरून खाली बघत होत्या.

"मी का चढाले येऊन राहिली वो?" त्या म्हणाल्या. "चढ मी ढकलत जाईन. जलमभर सायकल मीच चालवली, पायडल मारलं तवाच ते पुढं गेली. आपल्या इकडं उतार हाय कुठं? एकडाव तिनं मले न्यावं."

मग उठून त्यांनी पदर खोचला, सायकलवर बसल्या आणि दोन्ही पाय पायडलवरून उचलले. पाळ ती केवढी, क्षणात संपली. खाली पोचून त्यांनी सायकल वळवली आणि पोत्यासकट पुन्हा ढकलत वर यायला लागल्या.