दहा पावलं

नव्या वॉकरच्या पायांना रबरी बुचं बसवताना तो उग्र वास नाकात गेला आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या बेलापूरच्या सोनाबाई आठवल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन चालवायचं माझं काम तेव्हा नवंच होतं. सोनाबाई लेकीकडे होत्या. मुलगा ऑपरेशनलाही फिरकला नव्हता. रोज म्हणायच्या, "आज नको ताई, लई दुखतंय." मला तो आळस वाटे. मी रागावून त्यांना उभं करत असे.

एका सकाळी त्या खाटेपासून दारापर्यंत दहा पावलं चालल्या. मला आनंदाने काय करू असं झालं. दारात उभे असलेले जावई म्हणाले, "चालाया लागल्या की. आता पोराकडं सोडाया हरकत न्हाई." लेकीने मान खाली घातली. सोनाबाई मला हळूच म्हणाल्या, "म्हनून मी उठत नव्हते, ताई."

तिसऱ्या दिवशी जावयांनी त्यांना मुलाकडे पोचवलं. महिन्याने मी लेकीला फोन केला. तिकडे गेल्यापासून त्या उठल्याच नव्हत्या.

"फार दुखतंय का?" मी विचारलं.

"काय की," ती म्हणाली. "आई आता दुखतंय म्हनतच न्हाई."