काकांच्या कानांचा निकाल घेऊन चिचगडला

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले तेव्हा पर्समध्ये निकालाची प्रत होती, मांडीवर एक किलो पेढे होते आणि तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

शांताराम काका तोफखान्यात होते. तिथेच त्यांचे कान गेले. कागदावर मात्र 'बहिरेपण घराण्यातलं, सेवेशी संबंध नाही' असा शेरा पडला आणि गावात कुजबुज सुरू झाली, यानं भरतीतच लपवाछपवी केली म्हणून. पेन्शन नाकारली त्याहून काकांना ते जास्त लागलं. बहिऱ्या माणसाला कुजबुज बरोबर कळते. आता लष्करी न्यायाधिकरणाकडून अपंगत्वाची पेन्शन मंजूर झाली होती. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि असली बातमी मेसेजवर उरकायला मी काही वेडी नाही.

देवरीला उतरून आलुबोंडा खाल्ला. जीभ भाजली, तरी हसतच होते.

चिचगडच्या बसमध्ये शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर मोहफुलांचं टोपलं घेऊन. त्या गोड वासानं डोकं आणखीच हलकं झालं.

"कायले (कशाला) हासून राहिली वो बाई, एकटीच?"

माझ्या पोटात काही राहीना. सगळं सांगून टाकलं. म्हातारी चिचगडचीच निघाली.

"म्हंजे शांताराम खोटा नोहोता?"

"नव्हता!"

"मंग पेढा काढ ना!"

तिला दिला, मग कंडक्टरला, मग मागच्या बाकांना. बाहेर सागाचं जंगल पळत होतं आणि आत माझे पेढे. चिचगड येईस्तोवर खोक्यात नुसता चुरा उरला.

उतरल्यावर निम्मी बस माझ्यामागून काकांच्या अंगणात. ते मोहफुलं वाळत घालत होते. एवढी वरात बघून घाबरले.

"काऊन (का) वो पोरी? कोन मेलं?"

मी प्रत पुढे धरली. निकालाखाली मराठीत लिहून ठेवलं होतं: भरतीच्या वेळी कान निर्दोष होते, बहिरेपण सेवेतच आलं. काकांनी ते तीनदा वाचलं, डोळे पुसले आणि कागद मला परत दिला.

"मोठ्यानं वाच."

मी गोंधळून त्यांच्या कानांकडे बोट दाखवलं.

"मले नाही वो. यायले (यांना) आयकू दे."

परतीच्या बसमध्ये माझा आवाज पार बसला होता. उशिरा येणाऱ्या प्रत्येकासाठी काकांनी मला पुन्हा वाचायला लावलं होतं. आणि दर वेळी ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते, एखादा शब्द गाळत तर नाही ना म्हणून.