साडूंचं शिंकसंशोधन

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात कुणाच्या घरी कुणाला कशाने शिंक येते, हे माझ्या थोरल्या साडूंइतकं कुणालाच ठाऊक नाही. अगदी शिंकणाऱ्यालाही नाही. एसटीत कंडक्टर होते, तेव्हाची उभं राहायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. जेवतात उभ्याने, पेपर वाचतात येरझारा घालत, आणि कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत चारदा फाटकापर्यंत जाऊन येतात. त्यात गेल्या वर्षी, ऐन धानाच्या मळणीत, त्यांच्या पाच वर्षांच्या नातीला, चिमीला, दम लागला. डॉक्टरांनी नीट समजावलं, की ॲलर्जीची ही प्रवृत्ती आईकडून, बापाकडून, दोन्हीकडून येऊ शकते. येईलच असंही नाही, धुळीचाही हात असतो, आणि दोष कुणाचाच नसतो. साडूंनी यातला 'बापाकडून' तेवढा शब्द उचलला आणि मला घेऊन तडक सौंदड गाठलं, मुलीच्या सासरी.

तिथे त्यांनी जे केलं ते आठवलं की अजून हसू येतं. पाहुणचार बाजूला ठेवून अंगणात घरातल्या सगळ्या गोधड्या झटकल्या आणि कोण शिंकतं ते पाहत उभे राहिले. व्याह्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंना तरुणपणी अंगाला खाज येत होती का, हे विचारून झालं. जे हयात नाहीत त्यांच्या छातीची चौकशी झाली. व्याही दिवसभर मळणीच्या भुशात उभे होते. ते धुळीने पांढरे होऊन आले आणि त्यांनी शांतपणे चहा मागितला. सबंध घराण्यात एक शिंक निघाली नाही.

परतताना स्टेशनावर मी चेष्टा करत होतो. साडू फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले, परत आले, आणि आतल्या खिशातून दम्याचा पंप काढून माझ्यासमोर धरला. "मलेच हाय जी, लहानपणापासून," ते म्हणाले. "घरी बी कोनाले माहीत नाही. तिकडं एखादा तरी शिंकला असता त बरं झालं असतं." आधी नोकरीसाठी लपवलं, मग लग्नासाठी, मग सवयीने. मला स्वतःची लाज वाटली.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे सगळे जेवायला जमलो होतो, व्याहीसुद्धा. चिमीची छाती वाजायला लागली, पण ती पंप घेईना. शाळेत कोणाकडेच नाही, मग मलेच काऊन, म्हणून रुसली होती. साडू थाळी ठेवून तिच्यापाशी गेले.

"मले बी हाय. माझ्याकडूनच आलं तुले," सगळ्यांदेखत ते म्हणाले, आणि स्वतःचा पंप काढून ओढला.

चिमीने त्यांना नीट निरखलं. "असा नाही जी आबा, हळू ओढाचं," म्हणाली, आणि आपला घेऊन दाखवला.

ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, भाताचं पातेलं हातात घेऊन दारात उभी होती. चाळीस वर्षांचा संसार. तिने पातेलं खाली ठेवलं.

"सांगाचं होतं ना जी," ती म्हणाली. "मी काय सोडून गेली असती?"