बनाबाईंचा उजवा गुडघा

देवळाली प्रवरेच्या बनाबाईंचा उजवा गुडघा आपल्या जिल्ह्यातल्या शेकडो बायकांनी पाहिला आहे. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

त्यांचा मुलगा महेंद्र कृत्रिम सांधे बनवणाऱ्या कंपनीत आहे. पूर्वी तो बॅगेत प्लास्टिकचा गुडघा घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळायचा. मग कंपनीनं टॅब दिला. काळ्यापांढऱ्या चौकटींचं स्टिकर पायाला चिकटवायचं, टॅब त्यावर धरायचा, की पडद्यावर त्या जागी झिजलेलं हाड दिसतं. बोट फिरवलं की झीज जाते आणि धातूचा सांधा बसतो. ह्याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. श्रीरामपुरातल्या माझ्या मेडिकल दुकानात महेंद्रनं तो प्रकार मला पहिल्यांदा दाखवला, तेव्हा स्टिकर स्टुलाच्या पायाला लावलं होतं. स्टुलाला बरीच झीज निघाली. मी "छान आहे" म्हणालो आणि गिऱ्हाईकाकडे वळलो. मला असल्या खेळण्यांचं कौतुक नाही.

पण गुडघेदुखीच्या शिबिरांत स्टूल चालेना. बायकांना माणसाचा पाय हवा होता. महेंद्रनं आईला खुर्चीवर बसवलं.

बनाबाईंनी तीस वर्षं लोकांच्या उसात खुरपणी केली. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरापासून बुद्धविहार चारशे पावलांवर, पण तिथंही महेंद्रच्या मोटारसायकलवर मागं बसून जावं लागायचं. "पोतं हाय का मी?" म्हणायच्या. पायी विहारात जायचं, एवढं एकच मागणं त्यांच्या तोंडून मी ऐकलंय. शिबिरात मात्र ऐटीत बसायच्या. लुगडं गुडघ्याच्या वर बोटभरही जाणार नाही, नडगीवर टॉवेल, आणि पुरुषांनी तोंड फिरवून बसायचं, अशा त्यांच्या अटी होत्या. पुरुष निमूट भिंतीकडं बघत बसायचे.

दोन वर्षांत एकतीस बायकांनी तो गुडघा पाहून ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या शिबिराला त्या बनाबाईंना भेटायला यायच्या, भराभरा चालत. बनाबाई बसल्या जागेवरून त्यांचं कौतुक करायच्या.

"आई, आता तुझंही करू," महेंद्र दर महिन्याला म्हणायचा. "बघू," त्या म्हणायच्या. कारण विचारलं की चहा ठेवायला उठायच्या, आणि उठायलाच इतका वेळ लागायचा की विचारणारा ओशाळून विषय बदलायचा. आम्ही समजलो, घाबरतात.

गेल्या जानेवारीत जामखेडला शिबिर होतं. मी कोपऱ्यात गुडघ्याचे पट्टे मांडून बसलो होतो. महेंद्रनं टॅब धरला, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर बनाबाईंच्या पायात चकचकीत सांधा बसला. पुढच्या रांगेतून छबूबाई नावाच्या एक बाई उठल्या.

"मावशी, तुमच्या पायात बसवलाय न्हवं? मग जरा चालून दावा की. मघापासनं नुस्त्या बसल्यात."

"व्हय, व्हय," सगळ्या बायका म्हणाल्या. महेंद्र माईकवरून सांगू लागला की हे फक्त चित्र आहे. तोवर बनाबाई उठल्या होत्या.

काठी खुर्चीलाच राहिली. त्या स्टेजच्या त्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकवीस पावलं, मी मोजली. चेहरा कोरा. बायकांनी टाळ्या वाजवल्या, छबूबाईंनी लगेच नाव नोंदवलं. जानेवारीच्या थंडीत बनाबाईंचा ब्लाउज पाठीवर घामानं भिजला होता.

परतीच्या वाटेवर नगरच्या अलीकडं एका हॉटेलापाशी आम्ही चहाला थांबलो. बनाबाईंना गाडीतून उतरता येईना. महेंद्र गाडीच्या दारात उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडला.

"कशाला चाललीस? आणि ऑपरेशन का करून घेत नाहीस? काय अडलंय तुझं?"

"माजं काय अडायचंय? तुजंच अडंल." बनाबाई शांतपणे म्हणाल्या. "माजा गुडघा बरा झाला, मंग तुज्या टॅबात काय दिसंल? झिजल्यालं हाड दिसलं न्हाई, तर बाया बघतील कशाला? तुजं काम जाईल की रं."

महेंद्र माझ्याकडं बघू लागला. मी हॉटेलाकडं. जिल्हाभर ॲप समजावत फिरणाऱ्या ह्या पोराला आईला समजवायचं सुचलं नव्हतं. आणि मी तर माझ्याच दुकानात स्टुलाची झीज पाहिली होती, तरी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. त्याचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

महेंद्रनं पिशवीतून स्टिकर काढलं, हॉटेलच्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पायाला चिकटवलं आणि टॅब आईच्या हातात दिला. खुर्चीच्या पायात हाड दिसलं. तेच, तितकंच झिजलेलं.

बनाबाईंनी टॅब बाजूला करून खुर्ची पाहिली. पुन्हा टॅबमधून पाहिली.

"म्हंजी ह्येला माजं हाड दिसतच नव्हतं?"

"नाही आई. आधीच काढून ठेवलेलं चित्र आहे. कशावरही दिसतं."

"मंग यवढी दोन वर्सं…" त्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. महेंद्र खाली बसला आणि त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. तो रडत होता, हे हॉटेलवाल्यालाही दिसत होतं.

"ऊठ. लोकं बघत्यात," बनाबाई म्हणाल्या. "चहा सांग. आन् डाक्टरला इचार, दोन्ही पाय एकदम करतो का. बुद्धपुनवेला मला चालत जायाचंय."