डॅशबोर्डमागची घाण

शी! उंदराच्या मुताचा वास एकदा नाकात बसला की अंघोळीनेही जात नाही. मी दोन वेळा साबण लावला, जेवताना तरी तोच वास. खोटं वाटत असेल तर तुम्हीही एकदा दोन वर्षं बंद पडलेल्या गाडीचा डॅशबोर्ड काढून बघा.

गाडी बाबांची. जुनी, दुधी रंगाची, स्टीअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. ठाकुर्लीला आईच्या बिल्डिंगखाली उभी होती. बाबा हार्ट अ‍ॅटॅकने गेले, तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नव्हता. मी राहतो कोलशेतला, रविवारचा आईकडे जातो. मला जुन्या गाड्यांचं वेड वगैरे काही नाही. ही गाडी मला चालू करायची होती ती आईच्या नवसासाठी.

त्याचं असं झालेलं. बाबा तंबाखू खायचे. एकदा गालात आतून पांढरा चट्टा सापडला आणि डॉक्टरांनी दम दिला, तंबाखू सोडा, नाहीतर गाल कापावा लागेल. आई त्यांना काही बोलली नाही. तिने थेट गावच्या देवीला सांगितलं: यांची तंबाखू सुटू दे, यांच्याच गाडीतून येऊन तुझी ओटी भरीन, आणि तोवर गोडाचा कण तोंडात घालणार नाही. महिन्याभराने बाबांनी जाहीर केलं, सोडली. आईला कोण आनंद! देवी पावली म्हणून तिने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही, कारण ओटी भरायची बाकी होती.

ती बाकीच राहिली. दर वर्षी बाबांचं काहीतरी निघायचं. कधी क्लच घसरतो, कधी टायर गुळगुळीत झालेत, घाटात दगा देईल, पुढच्या वर्षी नक्की. माझ्या मुलीच्या बारशाला आईने घुगऱ्या तेवढ्या खाल्ल्या. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला आम्ही जायचो, तिथला पेढा ती कपाळाला लावून माझ्या हातावर ठेवायची. एवढी वर्षं! आता गुडघे गेलेत तिचे. म्हणाली, "अरे, जोडीने जायचं राहून गेलं, पण गाडी तर आहे ना. ओटी तुझी बायको भरेल, मी नुसते हात जोडीन. माझ्याच्याने आता फार दिवस थांबवणार नाही रे."

म्हणून मी वायरमन आणला. त्याने डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि दोन पावलं मागे सरला. "साहेब, उंदरांनी सगळं वायरिंग खाल्लंय. डॅशबोर्ड काढून साफ करून ठेवा, मग मी येतो. असल्या घाणीत मी हात घालणार नाही." आणि गेला. मला राग आला, पण त्याचं काय चुकलं? मीही घातला नसता.

पुढच्या रविवारी सकाळीच बसलो. आधी बॅटरीच्या वायरी सोडवल्या. स्टीअरिंगचा नट हलेना, त्याला तेल पाजून तासभर वाट बघितली. मीटरची केबल मागून हात घालून सोडवायची असते. तिथे हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ, ओलसर लागलं. श्श्या! हात बाहेर काढून आधी पँटला पुसला. मग घरातून आईचे भांड्यांचे रबरी हातमोजे आणले. काचेच्या कडेचे स्क्रू गंजून इतके बसलेले की दोनांची डोकीच उडाली. शेवटी दोन्ही हातांनी धरून अख्खा पत्रा स्वतःकडे ओढला.

भसकन सगळं माझ्या मांडीवर आलं. लेंड्या, कापूस, वायरींचे तुकडे, झुरळांची टरफलं, आणि उंदराची तीन वाळून कडक झालेली पिल्लं. मी ओरडत दारातून बाहेर पडलो. कम्पाउंडच्या भिंतीपाशी जाऊन उलटी काढायचा प्रयत्न केला, तीही धड होईना. वॉचमन हसत होता. त्याला म्हटलं, हसतोस काय, झाडू आण.

झाडू लावताना चकचकीत तुकडे दिसायला लागले. घरटंच त्याचं केलेलं, बारीक कुरतडलेल्या चंदेरी कागदाचं. हलकट उंदीर, कुठून कुठून कचरा गोळा केलाय, असं मी पुटपुटत होतो. मग अ‍ॅशट्रेच्या मागच्या खोबणीत हात गेला आणि तिथून अख्ख्या पुड्या निघाल्या. तंबाखूच्या. रिकाम्या. एकामागून एक निघतच राहिल्या, मध्ये चुन्याच्या पिळून काढलेल्या ट्यूबा. प्रत्येक पुडीची नीट चार पदरी घडी घातलेली.

उंदीर घडी घालत नाही. अशी घडी बाबा घालायचे, बसच्या तिकिटाची, लाईटबिलाची, कशाचीही. एक पुडी उलगडली. तिच्यावर सडलेल्या गालाचा तो फोटो होता, हल्ली पुड्यांवर छापतात तो. घडी अशी घातलेली की फोटो आत जावा.

खरं सांगतो, उंदरांच्या पिल्लांची किळस मला त्यापुढे काहीच वाटली नाही. मला बाबांची किळस आली. इथे, खिडक्या बंद करून बसायचे, तंबाखू मळायची, खायची, पुडी घडी करून अ‍ॅशट्रेमागे ढकलायची, बडीशेप चघळायची, आणि वर जाऊन आईच्या हातचा चहा प्यायचा! ती स्वतःच्या चहातसुद्धा साखर घालत नव्हती आणि हा माणूस तिच्यासमोर बसून तिचं कौतुक ऐकून घेत होता. बाप असला म्हणून काय झालं? थू!

आईला कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. गोणी आणली आणि भराभर भरायला लागलो. पण ती जिना उतरून आलेलीच होती, माझ्यासाठी पोह्यांची बशी घेऊन.

"काय रे एवढं?"

"उंदराचं घर गं. तू वर जा, वास आहे."

तिने बशी बोनेटवर ठेवली. गाडीच्या दाराला धरून वाकली आणि एक पुडी उचलली. उलगडली. फोटो बघितला. दुसरी उचलली, तीही उलगडली. घडी बघूनच तिला कळलं होतं, तरी तिसरी उलगडली.

"मेल्या," ती म्हणाली. उभ्या जन्मात तिच्या तोंडून बाबांसाठी 'हे' आणि 'अहो'पलीकडे शब्द आला नव्हता. "मेल्या, देवीला तोंड दाखवायला नको म्हणून क्लच काय, टायर काय! तिच्यापुढे खोटं बोलायला घाबरलास आणि माझ्यापुढे नाही!"

मी म्हटलं, "आई, जाऊ दे. नवस बिवस सोड आता. आजच मी तुला पेढे आणतो."

"तू गप रे." तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आ कर."

"काय?"

"तोंड उघड. आ कर मोठा."

मी बावन्न वर्षांचा माणूस. तंबाखूला उभ्या आयुष्यात शिवलो नाही. तरी वॉचमनच्या देखत मी आ केला. तिने माझी हनुवटी धरली, मोबाईलचा टॉर्च लावला, आधी एक गाल बघितला, मग दुसरा, मग जीभ वर करायला लावली.

"मिट," ती म्हणाली आणि टॉर्च बंद केला. "यांना एकदाही असं म्हटलं नाही रे मी. नवऱ्याला आ करा कसं म्हणायचं, म्हणून देवीला सांगत बसले."