शूकाकांची शांतता

आमचे हे काही वाजवत नाहीत, गात नाहीत. साधी शीळ घालायला गेले तरी नुसती हवा निघते. पण शास्त्रीय संगीताचं पुढचं रेकॉर्डिंग कधी, ते बाजारात कधी येणार, हे गल्लीत कोणाला विचारायचं असेल तर यांनाच विचारा. एका सभागृहात सव्वीस वर्षं रखवालदार आहेत. तिथे रेकॉर्डिंग असलं की शांतता राखायची, हे यांचं काम. पंखे बंद, लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद. खुर्च्यांच्या पायांना रबर लावायचं, बिजागऱ्यांना तेल घालायचं. पत्र्यावर कबुतर बसलं तर शिडीवर चढून त्याला हाकलायचं, तेही आवाज न करता. कोणी बोललं की ओठांवर बोट ठेवतात, म्हणून सगळे यांना शूकाका म्हणतात. मी लग्नाची बायको, पण कढईत झारा जरा आपटला की मलाही शू.

नवी सीडी आली की घरादाराला समोर बसवायचं. दोन सुरांच्या मध्ये जरा थांबलं की बोट वर करून म्हणायचं, ऐकलंत? काही ऐकू आलं नाही ना? ते माझं. आता काही ऐकू न येण्याचं कौतुक माणसानं करावं तरी किती वेळा?

त्यात हे व्हायोलिनवाल्या बाईंचं प्रकरण. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचं रेकॉर्डिंग झालं. बाई पंच्याहत्तरीच्या. शेवटचा संथ भाग त्यांनी असा वाजवला म्हणे की काचेपलीकडची माणसंसुद्धा हातातलं काम विसरली. नेमकं तेव्हाच बाहेर काहीतरी खणकन पडलं. बाईंनी नंतर दोनदा वाजवून पाहिलं, पण पहिल्यासारखं काही जमेना. मॅनेजर बाहेर आले, तर हे म्हणाले, माझ्या हातून किल्ल्या पडल्या. झालं, यांची रवानगी गेटवर. मॅनेजर म्हणाले, घ्यायचा तर तोच भाग आहे. त्यातून तो आवाज पुसता आला तर पुढच्या रेकॉर्डिंगना तुम्हाला आत घेऊ, नाहीतर गेट आहेच. नोकरीचं दीड वर्ष उरलेलं. घरी येऊन मला सांगितलं, संध्याकाळी पाचच्या सुमाराला झालं हे.

तेव्हापासून माझ्या डोक्याला ताप. रेकॉर्डिंग येणार, येणार, आणि तारीख तीनदा पुढे गेली. हे उठल्या उठल्या कॅलेंडरसमोर उभे. दुकानदाराला इतके फोन केले की तो यांचा नंबर बघून उचलेनासा झाला. मीही कमी बोलले नाही. सव्वीस वर्षं जगाला गप्प बसवलंत आणि स्वतःच्या हातात चार किल्ल्या धरता येईनात, हे तर मी रोजच ऐकवलं. एकदा चिडून जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली आणि किल्ल्या तिच्यात घालून हातात दिल्या. हा माणूस तीही निमूट घेऊन गेला. उलट उत्तर दिलं असतं तर माझा राग तरी उतरला असता.

भांडायलाही आम्हाला वेळ मिळतो तो एकच. घरात मुलगा, सून, दोन नाती आणि खोल्या दोन. म्हणून रोज एक वाजता मी डबा घेऊन जाते आणि सभागृहाच्या मागच्या पॅसेजमध्ये, बाकावर बसून आम्ही जेवतो. यांना गेटवर टाकलं तरी बाक तोच राहिला.

गेल्या आठवड्यात एकदाची ती सीडी आली. सगळे बसलो. बाई खरंच काय वाजवतात, मलासुद्धा भरून आलं. शेवटचा भाग लागला तसे हे खाली फरशीकडे बघायला लागले. आणि आलाच तो आवाज. लांबून, बारीकसा, पण आला. टण्ण, आणि मग गरगर फिरत, अडखळत थांबला.

मुलगा म्हणाला, कोणाच्या लक्षातही यायचं नाही बाबा. मी मात्र कान टवकारले. किल्ल्या पडतात आणि पडून राहतात, त्या गरगरत नाहीत. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि डब्याचं झाकण घेतलं. एका बाजूला त्याला पोचा आहे. ते फरशीवर सोडलं. टण्ण, आणि गरगर फिरत, अडखळत थांबलं. त्या दिवशी दुपारी पॅसेजमध्ये माझ्या हातून ते निसटलं होतं. दाराबाहेर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला होता, पण यांनी हातानंच खूण केली की काही नाही, जा तू. मी घरी आले आणि विसरूनही गेले. संध्याकाळी पाचची वेळ यांनी मला मुद्दामच खोटी सांगितली होती.

मी बाहेर आले. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

सगळे उठल्यावर मी यांना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "अहो, ते झाकण माझं होतं. का नाही सांगितलंत?"

"तुझं नाव घेतलं असतं तर तुला आत येऊ दिलं नसतं त्यांनी. मग मी कोणाबरोबर जेवलो असतो?"

इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. अकरा महिने मी या माणसाला टोचून टोचून खाल्लं आणि हा रोज माझ्याच शेजारी बसून, माझ्याच डब्यातलं जेवत, माझंच ऐकून घेत होता.

दुसऱ्या दिवशी यांना न सांगता मी मॅनेजरच्या खोलीत गेले. सांगत बसले नाही, झाकण त्यांच्या टेबलापाशी फरशीवर टाकलं. ते थांबेपर्यंत दोघं ऐकत उभे राहिलो. मॅनेजरांनी ती सीडी पन्नासदा तरी ऐकली असणार, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. पुढच्या तीन रेकॉर्डिंगना त्यांनी यांना आत घेतलं. अट एकच, त्या दिवसांत मी आवारात पाऊल टाकायचं नाही. मी हो म्हणून आले.

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. कोणी सांगितला होता शहाणपणा, एवढंच एकदा म्हणाले. तिसऱ्या दिवशी कॅलेंडरवर तारखा लिहिल्या. पहिलं रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात, चांगलं नऊ दिवसांचं. आता त्याची वाट आम्ही दोघंही बघतो. हे बघतात ते सुरू व्हायची, आणि मी ते संपायची.