मालन घाडीचे दोन डावे पत्रे

पेट्रिशियाबाईंचा फ्रॉक ऐन रविवारी चर्चमधल्या मिस्सात काखेत फाटला, त्याची तक्रार घेऊन त्यांचा नवरा टेलरिंगच्या दुकानात आला आणि त्यातून मालन घाडी जहाजं बांधायला लागली. असं सांगितलं की लोकांना वाटतं, मधलं काहीतरी गाळलंय. फारसं काही गाळलेलं नाही.

साल चौऱ्याऐंशी. मालन एकवीस वर्षांची. मालाड पश्चिमेला मार्वे रोडलगतच्या चाळीत राहायची आणि चाळीच्या तोंडाशीच असलेल्या दुकानात कटिंग करायची. दुकानाचा मालक शरच्चंद्र बायकांची मापं घ्यायला इतका लाजायचा की टेप हातात धरून तो भिंतीकडे बघत उभा राही. मग मापं मालन घेई, कापड मालन कापी आणि गिऱ्हाइकांशी भांडणंही मालनच करी. तोंड फटकळ. सांगून आलेल्या एका मुलाला तिने पोह्यांची बशी देता देता, तुमच्या शर्टाची कॉलर उलटी बसवलीय, हे सगळ्यांदेखत सांगितलं होतं. कॉलर खरंच उलटी होती. पण लग्नं काही खरं बोलून जमत नाहीत.

तर पेट्रिशियाबाईंचा नवरा रोझारिओ आला. साठीकडे झुकलेला, मार्व्याच्या गावठाणातला, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. फ्रॉक वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता.

"हा कोणी कापला?"

"मी. आणि फाटला तो माझ्या कापण्याने नाही," मालन म्हणाली. "माप घेताना बाईंनी श्वास ओढून धरला होता. सोडा म्हटलं, तर म्हणाल्या, माझी साइज हीच आहे."

 बत्तीस वर्षांच्या संसारात रोझारिओला तो ओढून धरलेला श्वास चांगला माहीत होता. तो स्टुलावर बसला. मालनने खाकी कागद पसरला, चार खुणा केल्या आणि नव्या बाहीची रेघ एका दमात ओढली. रोझारिओ वाकून बघायला लागला. मग त्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"ही रेघ कुणी शिकवली तुला?"

"त्यात शिकवायचं काय? दंड जसा असतो तशी काढायची. मध्ये गचका आला तर बाही ओढते."

गचका! रोझारिओ खाडीकाठच्या एका यार्डात लॉफ्टमिस्त्री होता. तिथे बार्जी आणि लाँची बांधायचे. जहाजाची प्रत्येक रेघ आधी खऱ्या मापाने जमिनीवर काढायची आणि तिच्यावरून पत्रे कापण्यासाठी प्लायवूडचे फर्मे करायचे, हे त्याचं काम. रेघेत गचका नको, हे तो शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं ओरडून सांगत होता. पोरं मान हलवायची. गचका एकालाही दिसत नव्हता.

"बाय, जहाजाच्या कामाला येतेस?" त्याने विचारलं.

"जहाजात ब्लाउज कोण घालतं?" मालन म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी ती बघायला गेली, आणि तिसऱ्या दिवशी घरी सांगून मोकळी झाली.

आई सुगंधाने कपाळावर हात मारला. "लोखंडाचा काम? गो, तुझ्याशी लगीन कोण करतलो?"

वडील धोंडू घाडी जेवत होते. संपात गिरणी सुटल्यापासून ते पवईच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या गेटवर पहारेकरी होते. त्यांनी भाताचा घास खाली ठेवला. "पवईत चष्मेवाली पोरां पाच-पाच वर्सां वाचून इंजिनेर होतत. सायकलीची चेन पडली की माकाच हाका मारतत. जाऊं दे तिका."

यार्डात अप्रेंटिसचा फॉर्म भरताना पहिली अडचण आली. फॉर्मवर 'श्री.' छापलेलं होतं. कारकुनाने पेन उचललं, ठेवलं, साहेबांकडे जाऊन आला आणि शेवटी 'श्री.'च्या पुढे हळूच एक 'मती' जोडली. मालनचं लग्न असं सरकारी कागदावर परस्पर लागलं. ट्रेड लिहिला प्लेटर, म्हणजे पत्रेकाम करणारा.

दुसरी अडचण संडासाची. साठ पुरुष आणि एक संडास, त्यालाही कडी नाही. मालनने पहिल्याच दिवशी गळ्यातली मोजपट्टी काढून दाराच्या खिळ्याला लटकवली आणि फोरमन सहदेवला सांगितलं, "पट्टी बाहेर असली की मी आत आहे. कोणी दार ढकललं तर मी कपड्याची कात्री घेऊनच आत बसते, हे पोरांना सांगून ठेवा."

सहदेवने सांगून ठेवलं. हसत सांगितलं, पण सांगितलं. तो पत्रे कापून, वाकवून जागेवर बसवणाऱ्या टोळीचा फोरमन. आवाज असा की खाडीपलीकडच्या मनोरीला त्याची हजेरी ऐकू जावी. मालनला तो 'टेलरमास्तर' म्हणायचा.

लॉफ्ट म्हणजे शेडच्या वरचा मोठा लाकडी माळा. जमीन काळ्या रंगाने रंगवलेली. तिच्यावर अनवाणी पायाने, गुडघ्यांवर रांगत, खडूने जहाज काढायचं. रोझारिओ खुर्चीत बसून आकडे वाचायचा आणि मालन रांगायची. लांब लवचीक पट्टी खुणांवर खिळ्यांनी अडकवायची, डोळा जमिनीला लावून बघायचं, गचका दिसला की खिळा सरकवायचा. संध्याकाळी ती घरी जाई तेव्हा कपाळापासून कोपरापर्यंत खडू. आई म्हणे, भस्म लावलेलो गोसावी इलो.

पहिल्या बार्जीचा आडवा छेद काढून झाल्यावर मालन उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली.

"मिस्त्री, हिला कंबरच नाही."

"बार्ज आहे ती. तिला वाळू वाहायची आहे, नाचायचं नाही."

पहिल्या महिन्यात तिने एक घोळ केला. फर्म्याला चारी बाजूंनी इंचभर जागा सोडली. सवयच ती, शिलाईत जायला कापड सोडायची. खालच्या पोरांना पत्रा बसेना. सहदेव फर्मा नाचवत शेडभर फिरला. "टेलरमास्तर, इथे काज-बटण कुठे करायचं तेही सांगा!" मालन लाल झाली. पण रोझारिओने तिला बाजूला घेऊन सांगितलं की वेल्डिंगने लोखंड आकसतं, म्हणून जागा सोडावीच लागते, फक्त एका कडेला आणि मोजून. "तुझं चुकलं ते थोडं जास्त बरोबर असल्यामुळे," तो म्हणाला. हे ऐकून तिला बरं वाटलं की आणखी वाईट, ते तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

खरी वाट लागली ती पुढच्या वर्षी. एका लाँचीची नाळ, म्हणजे तिचं पुढचं तोंड, बांधायला घेतली होती. नाळेचे पत्रे सगळ्यात अवघड, कारण ते वाकवायचे असतात. रोझारिओ गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेला होता. मालनने फर्मा केला, दोन पत्र्यांवर ठेवून खुणा मारल्या, गॅसकटरने कापले. एक पत्रा वाकवल्यावर नाळेच्या डाव्या अंगाला झकास बसला. दुसरा वाकवायच्या यंत्रापाशी नेला आणि सहदेवची आरोळी आली.

"अरे, थांबवा! हा पण डावाच आहे!"

सगळी शेड गोळा झाली. मालनने वाकून बघितलं. फर्मा पालटायला ती विसरली होती. दोन्ही पत्र्यांवर खुणा एकाच बाजूच्या.

"जोडीने दोन डावे!" सहदेव ओरडत होता. "उद्या चप्पल शिवायला घेशील तर सगळं गाव लंगडेल! एवढा मोठा पत्रा, आता काय त्याचा तवा करायचा?"

कोणी हसलं, कोणी चुकचुकलं. मालनला पळून जावंसं वाटलं. पण मनातल्या मनात पळता पळताही तिचं डोकं चालू होतं. असला घोळ तिने चौदाव्या वर्षी एकदा केला होता. कुणाच्या तरी साखरपुड्याच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या. कापड साधं, दोन्हीकडून सारखं होतं म्हणून ती वाचली होती.

"सहदेवदादा," ती म्हणाली, "ह्या पत्र्याची सुलटी बाजू कुठली?"

"काय?"

"कापडाला सुलट-उलट असते. ह्याला कुठली?"

सहदेवने पत्र्याकडे बघितलं. मग क्रेनवाल्या खंडूकडे बघितलं. खंडूने छपराकडे बघितलं.

"अजून वाकवलेला नाही ना?" मालन म्हणाली. " मग पालथा घाला."

खंडूने पत्रा उचलून पालथा घातला. उजवा झाला. मालनने फर्मा पालटून खुणा नव्याने मारल्या. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. गॅसकटर चालवणारा म्हणाला, "च्यायला," आणि बिडी पेटवली.

सहदेव मात्र असा सोडणार नव्हता. त्याने पत्र्याच्या कडेवर बोट ठेवलं. वेल्डिंग आत उतरावं म्हणून कडेला तिरपी धार काढलेली असते. ती आता चुकीच्या अंगाला गेली होती.

"आणि ही धार परत कोण काढणार? तुझा बाप?"

"बाप पवईला ड्युटीवर आहे," मालन म्हणाली. "मी काढते."

तीन दिवस तिने ग्राइंडर चालवला. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, रात्री घास धरवेना. आईने तूप लावलं आणि बोटागणिक एक शिवी यार्डाला दिली. दुसऱ्या दिवशी सहदेव आला, स्वतःचे चामड्याचे हातमोजे पत्र्यावर टाकले.

"घाल. बोटं उडाली तर फर्मे कोण काढेल, मी?"

रोझारिओ परत आल्यावर मालनने कोणी चुगली करायच्या आत स्वतःच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मी सत्तावन्न सालात तीन डावे काढले होते," तो म्हणाला.

"तीन कसे?"

"दुसरा दुरुस्त करताना तिसरा."

सत्त्याऐंशीत सरकारी ट्रेड टेस्ट झाली. प्रॅक्टिकलला ती पहिली आली आणि थिअरीत सपशेल नापास झाली, कारण पेपरातली एक आकृती चुकलीय, हे तिने उत्तर लिहायचं सोडून दोन पानं लिहून समजावलं होतं. दुसऱ्या खेपेला तिने तोंड आणि पेन दोन्ही आवरलं आणि पास झाली. रोझारिओ त्याच महिन्यात रिटायर झाला. खुर्ची तिला मिळाली, पण ती खुर्चीत क्वचितच बसे. आकडे दुसऱ्याला वाचायला लावून स्वतः रांगे.

त्या डिसेंबरात मोठी भरती बघून एक नवी लाँच पाण्यात सोडली. सगळ्या रेघा एकट्या मालनच्या अशी ती पहिलीच. त्या दिवशी ती आईला घेऊन गेली. सुगंधाने नवं लुगडं नेसलं होतं आणि चिखल चुकवत ती वैतागली होती. लाँच घसरली, पाण्यात गेली, थोडी डुलली आणि सरळ उभी राहिली. लोक ओरडले.

"ह्यात तुझा काय गो?" आईने विचारलं.

मालनने नाळेकडे बोट केलं. वरून खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेला तो बाक, कुठेही न अडखळणारा. त्याच्यावर तिने पाच आठवडे घालवले होते. सुगंधाने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं.

"रंग बरो आसा," ती म्हणाली.